वाटेवरचं दीपगृह

...नाही, पण मी म्हणतो, सरळ रस्ता असताना माणसाने सरळ जाऊ नये? तुम्हीच सांगा! उभा जन्म बस चालवली मी, त्याच रस्त्यावर, शहर सोडायचं, घाट चढायचा, पलीकडे उतरायचं, ताईच्या गावावरून पुढे... त्या रस्त्यावरचा खड्डा न् खड्डा मला ओळखतो, आणि मला, मला मागच्या सीटवर बसवून आमचे जावईबापू म्हणतात, "बाबा, तुम्ही आराम करा, मी नेतो." आणि नेलं हो! जिथं जायचं होतं ते सोडून सगळीकडे नेलं!

जायचं कुठं होतं, तर ताईकडे. माझी मोठी बहीण. आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं, नाक पुसण्यापासून नोकरीला लागेपर्यंत. ती त्या दिवशी दुपारी घराला कुलूप लावून मुलाबरोबर परदेशी निघाली होती, कायमची. गुडघे गेलेत, आता परत कुठली येतेय... हे तिला ठाऊक, मला ठाऊक, पण फोनवर आम्ही बोलायचो हवापाण्याचं. निघायच्या आधी एकदा तिला डोळे भरून बघावं, बास. फार मागितलं का मी?

पण जावईबापूंचा एक नकाशा आहे. तुम्हाला सांगतो, हा नकाशा कुणाच्याच मालकीचा नाही म्हणे! कुणीही यावं, आपल्याला दिसेल ते त्यात भरावं, कुणीही फुकट न्यावं. आणि त्यातून जावईबापूंनी स्वतः बसून एक भानगड तयार केलीय. कुठून कुठं जायचं ते सांगायचं, की ती भानगड रस्त्याच्या आजूबाजूला जे जे जगावेगळं असेल ते हुडकून काढते. बँका, दवाखाने, पेट्रोल पंप बाद, ते काय सगळीकडेच असतात. जे कुठंच नसतं ते पाहिजे! अहो, कुठंच नसतं त्याला काहीतरी कारण असेल ना? पण जावयाला विचारणार कोण? एकुलता एक जावई, स्वभावानं लोणी, माझ्या मुलीला फुलासारखं जपतो... जरा तोंड उघडलं की शेजारी बसलेली बायको असे डोळे वटारते, की मी आपला खिडकीतून बाहेर.

तर घाट संपतो न संपतो, गाडी वळली डावीकडे. म्हटलं, का हो? "बाबा, पायऱ्या आहेत. वाटेवरच आहे." गेलो. माळावर पायऱ्या. नुसत्या पायऱ्या हो! चढायच्या, वर काही नाही, उतरायच्या. कुणीतरी घर बांधायला घेतलं आणि पायऱ्यांवरच थांबला. जावईबापू चढले, उतरले, खूश झाले. मग पुन्हा वळण. टेलिफोनची जुनी पेटी, वाटेवरच आहे! आत टेलिफोन नाही, कोंबडी बसलेली अंड्यांवर. माणूस पुढे जाईल की नाही? छे, जावईबापू उभे राहून कोंबडी नकाशात भरतायत. मी म्हणतो, कोंबडी उद्या उठली म्हणजे? तर म्हणाले, मग कुणीतरी दुरुस्त करेल, ही या नकाशाची खरी ताकद आहे... तिकडे ताई दारात उभी असेल, आणि इकडे आम्ही कोंबडीचा पत्ता नोंदवतोय!

आणि हे सगळं कुणाच्या फोनवर? माझ्या! त्यांचा फोन घाटातच मेला. माझा लावला समोर स्टँडला, आणि मध्येच कुणाचा फोन आला की नकाशा झाकला जातो म्हणून येणारे फोन वाजूही नयेत, दिसूही नयेत असं करून ठेवलं. मला सांगितलं नाही. मी आपला मागे बसून विचार करतोय, ताईनं एक फोनसुद्धा केला नाही, रागावली बहुतेक.

मग आला फाटा. इथून सरळ गेलं की ताईचं गाव, उजवीकडे विमानतळाचा रस्ता. आणि फाट्याला लागूनच... दीपगृह! समुद्र कुठं, आम्ही कुठं, त्या भागात गलबत पाहिलेला माणूस सापडायचा नाही! कुणा हौशी माणसानं पाण्याच्या टाकीला लाल-पांढरे पट्टे मारून वर दिवा बसवलेला. "वाटेवरच आहे, बाबा." आणि तिथं माझा तोल गेला. बायकोचं डोकं चढलेलं, ती गाडीत डोळे मिटून पडलेली, वटारणार कोण? खाली उतरलो, टाकीकडे पाठ केली आणि आयुष्यात पहिल्यांदा जावयाला बोललो. हात वर करकरून बोललो. पायऱ्या काढल्या, कोंबडी काढली, सगळं काढलं. ते बिचारे मान खाली घालून उभे, डोळ्यांत पाणी. मग मलाच वाईट वाटलं. निघालो.

ताईच्या दाराला कुलूप. शेजारीण म्हणाली, वाट बघबघ बघितली हो, फोन पण लावत होत्या, शेवटी मुलगा ओढून घेऊन गेला. फोन काढला स्टँडवरून... ताईचेच फोन, एकाखाली एक. विमान काही बस नाही, धावत जाऊन हात दाखवायला. तिच्या ओट्यावर बसलो आणि रडलो, लाज कसली?

संध्याकाळी भाच्याचा निरोप आला. त्यालाही जावईबापूंनी ती भानगड पाठवलेली, सगळ्या घरादाराला पाठवलीय! "मामा, तुमची भेट राहिली, पण जाता जाता आईला दीपगृह दाखवलं." खाली फोटो. टाकीपुढे ताई, पदर सारखा केलेला, फोटोसाठी चष्मा काढलेला, तिची जुनी सवय, त्याशिवाय तिला दोन हातांपलीकडचं दिसत नाही. आणि मागे, टाकीच्या पलीकडे, अगदी कोपऱ्यात, पाठमोरा एक माणूस. तिनंच पाठवलेला चौकड्यांचा शर्ट. हात वर.

आम्हा बहीणभावाचा एकत्र फोटो कधी नव्हता हो. आता झाला.

जावईबापूंनी तो फोटो बोटांनी मोठा करून बघितला. मग अगदी हळू म्हणाले, "बाबा... म्हणजे आत्याबाई वाटेवरच होत्या."

जन्मात एकदा जावयाला बोललो, तर त्याचा फोटो निघाला!