मण्यांचं तिसरं पाकीट

…बसा हो, ते स्टूल घ्या, परेशभिया काही इतक्यात येत नाही. गोडाउनमध्ये गेलाय म्हणे. मी आले की याला बरोबर गोडाउन आठवतं — मागच्या सोमवारी हेच, त्याच्या आधीही हेच. तोंड दाखवायला जागा आहे का त्याला? हे बघा, हे तिसरं पाकीट. काचेचे बारीक मणी, पांढरे. तिसऱ्यांदा वापस करायला आलेय मी, बडा गणपतीहून ई-रिक्षात हाडं खिळखिळी करून घेत. का? तर भोकंच नाहीत मण्यांना. हसू नका. मणी म्हणून विकतो अन भोक नाही! मग मणी कशाचे, साबुदाणाच झाला तो. भिजवा अन खिचडी करा.

अन तो तिकडे कागद लावलाय ना — बिका हुआ माल वापस नहीं होगा — तो त्यानंच मला वाचून दाखवला, मोठ्या ऐटीत. मी म्हटलं, बेटा, इतक्या बारीक अक्षरात लिहितोस म्हणजे तुझ्याच मनात चोर आहे. काय? मोठी आहेत अक्षरं? असतील तुमच्या बाजूनं. इथून तर काही कळत नाही. अन कळणार कसं, दुकानात उजेड पाडतो का हा? याचे वडील गल्ल्यावर बसायचे तेव्हा दुकानाला दुकान म्हणावं असं होतं. मणी मागितले तर पांढऱ्या कापडावर ओतून दाखवायचे, लाल म्हणजे लालच मिळायचा. अन हा? किनारीला लाल गोटा मागितला मी, घरी गेले तर नात म्हणते, आजी, हा तर कत्थई आहे, काताच्या रंगाचा. कत्थई! लग्नाच्या टेबलाला कत्थई किनार लावू? चांगलं सुनावलं त्याला. तर म्हणतो, काकू, आपने ही तो पसंद किया था. उलटा चोर! मी, यमुना करंदीकर, कत्थई पसंत करीन?

तुम्ही काय घेतलंय, बघू? हे काय — थर्माकोलचे तयार हंस? अन ही ग्लू गन? रुखवत करताय का? कोणाचं, भाचीचं? हं. मोबाइलवर व्हिडिओ बघून ना? दिसतंच आहे. रागावू नका, पण हे हंस टेबलावर ठेवाल अन मुलाकडच्या बायका काय करतील माहीत आहे? पहिल्यांदा उलटे करतील. हो! रुखवताची वस्तू पुढून कोणी बघत नाही, पुढून तर फोटोवाला बघतो. जाणकार बाई मागची बाजू बघते, गाठी कशा मारल्यात, दोरा कुठे संपवलाय. बत्तीस वर्षं केली मी रुखवतं, इंदूरच्या निम्म्या मराठी घरांत माझी एक तरी वस्तू सापडेल. अन मागून बघायची गरज नाही, नुसतं बोट फिरवा — गाठ डावीकडे लागली की समजा यमुनाबाईंची. एका विहीणबाईंनी तर सबंध मांडवासमोर सांगितलं, सुनेचं नंतर बघू, आधी हे वृंदावन कोणी केलं ते सांगा. तुमच्या ग्लू गनला विचारील का कोणी असं?

अन आता ऐका. येत्या रविवारी माझ्या मंजिरीचं लग्न आहे. एकुलती एक नात. जगाच्या पोरींची रुखवतं केली मी, अन हिच्या टेबलावर काय मांडणार, तर पॅकेज! हाच परेश देतो किरायानं — बाहुल्या, डोली, सप्तपदीच्या सुपाऱ्या, सगळं एका पेटीत. एक दिवस न्यायचं, मांडायचं, फोटो काढायचे, दुसऱ्या दिवशी वापस. दुसऱ्यांच्या लग्नातली धूळ आपल्या लग्नात. सूनबाईंनी बुकिंग करून टाकलंय, मला न सांगता. याच्याच तोंडून निघालं म्हणून कळलं — काकू, कशाला त्रास करून घेता, आपका तो बुक है. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हा मला खराब मणी का देतो? मुद्दाम! मंजिरीसाठी करतेय ते माझं वृंदावन रविवारच्या आत झालं तर याच्या पेटीला कोण विचारतंय? दीड दमडीचा दुकानदार, पण डोकं बघा कुठे चालतं.

वीतभर उंच तुळशीवृंदावन आहे, सगळं मण्यांचं, चार बाजू. तीन झाल्या. म्हणजे — दोन माझ्या. तिसरी मी अर्धी ठेवून दिली होती, मणी जातच नव्हते सुईत, अन सकाळी बघते तर पूर्ण! मंजिरी म्हणते, आजी, काल तूच तर केलंस, विसरलीस. मी विसरीन? मागून बोट फिरवलं. गाठी उजवीकडे. गुपचूप ओवून ठेवलं पोरीनं, लग्नाची शंभर कामं बाजूला टाकून. मी पण काही बोलले नाही, तिला वाटू दे मला कळलं नाही म्हणून. चांगलं ओवलंय तसं, एक मणी सुटला नाही. अन मणी तरी कुठले — घरात दुसरे होतेच कुठे, याच पाकिटातले, हेच…

काय सांगत होते मी? हां, परेश. नालायक माणूस. अन घरात सूनबाईंचं एकच चालू, आधी डोळे दाखवून या, डोळे दाखवून या. मी म्हणते, माल खराब अन डॉक्टर माझा? आता तुम्हीच सांगा, या साबुदाण्यात डोळे काय करणार — अहो, काय करताय? का काढताय ते मणी बाहेर? मांडून नका ठेवू, तो घेणार नाही मग. सुई माझ्याच पिशवीतली घेतलीत वाटतं. जाणार नाही हो, सांगतेय ना, उगाच वेळ घालवताय, भोकच नाही त्यांना…

गेला?

…अजून एक? …किती झाले? सात? चष्मा पण नाही लावलात तुम्ही. इकडे द्या बरं माझ्या हातात.

हं.

…आला वाटतं, चपला वाजल्या. नाही परेशभिया, काही नाही, सहज बसले होते. मणी? मणी ठीक आहेत. पेटीचं काय ते सूनबाईंना विचार, मला नको विचारू. यांचं बिल कर आधी, घाई आहे यांना. — अन तुम्ही बाई, माझ्याकडे काय बघताय? उठा, झालं ना तुमचं. ते हंस नका नेऊ, बेकार आहेत. जा आता. सुई तेवढी ठेवून जा.

…नाही, दोरा नका काढू. ते सात राहू द्या त्यात.