इस्त्रीच्या टेबलावरची मतं

पहिली गोष्ट ही, की पत्रिकेवर माझं नाव नाही. ह्यांचं नाव आहे आणि पुढे ‘सहकुटुंब’. त्या सहकुटुंबात मी आले, आमची नात आली, आणि म्हटलं तर आमची मांजरसुद्धा आली. सव्वीस वर्षं दर शनिवारी ह्या मंडळात येण्यासाठी ह्यांना कडक इस्त्रीचा शर्ट लागला, तो कोण देत होतं? असो. हे आधी बोलून टाकलं, म्हणजे पुढचं गोड बोलायला मी मोकळी.

आता रीतीप्रमाणे. मंडळाचे अध्यक्ष, म्हणजे आपले दातांचे डॉक्टर. व्यासपीठावर बसलेली मोठी माणसं. आजच्या सत्कारमूर्ती, आपल्या ग्रंथपालबाई, ज्या नोकरी संपवून बहिणीकडे कायमच्या राहायला निघाल्यात. आणि समोर बसलेल्या ऐकणाऱ्या मंडळींनो, तुम्हा सगळ्यांना माझा नमस्कार.

भाषण खरं तर ह्यांचं होतं. पण परवापासून ह्यांचा घसा बसलाय. परवाच मी मंडळाची नवी पुस्तिका वाचून संपवली. ह्या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही, असं ह्यांचं म्हणणं आहे, तेही खुणेनं. डॉक्टर म्हणाले, “वहिनी, मग तुम्हीच बोला दोन शब्द.” डॉक्टर, दोन शब्दांत माझं भागत नाही हे तुम्ही माझी दाढ काढताना ऐकलंयत.

पाहुण्यांना माहीत नसेल म्हणून सांगते. वाचनालयाच्या वरच्या खोलीत दर शनिवारी दुपारी ही मंडळी जाझच्या तबकड्या ऐकतात. अकरा खुर्च्या, जाड पडदे, पंखा बंद, कारण पंख्याची घरघर तबकडीत शिरते. ज्याची पाळी त्यानं तबकडी आठवडाभर आधी घरी न्यायची, ऐकायची, आणि शनिवारी सगळ्यांसमोर मत द्यायचं. मत एका वाक्यात. बाई ते वहीत लिहिणार आणि खाली आपला शेरा मारणार. एका वाक्याचा नियम बाईंनी केला म्हणून बरं, नाहीतर हे पुरुष एका तुतारीवर अख्खी संध्याकाळ घालवतील. एवढं श्रेय मी बाईंना देते. मोकळ्या मनानं देते.

आमच्या घरी बाहेरच्या खोलीत ह्यांचं घड्याळदुरुस्तीचं टेबल आणि आतल्या खोलीत माझं इस्त्रीचं. मी लोकांचे कपडे इस्त्री करते. तबकडीचं यंत्र माझ्या खोलीत, कारण बाहेर घड्याळांची टिकटिक. पाळी आली की तबकडी यायची, वर बाईंच्या वळणदार अक्षरातली चिठ्ठी: ‘जपून.’ एवढंच. मी दर वेळी ती चिठ्ठी उलटी करून बघायची, मागे काही आहे का. नसायचं. मग तबकडी लागायची, मी कॉलर दाबायची, आणि डोळ्याला भिंग लावलेले हे बाहेरून विचारायचे, “कसं वाटतंय गं?” मी सांगायची. मला वाटायचं, बायकोला विचारणारा नवरा मिळाला, आणखी काय हवं? माझी शाळा चौथीत सुटली. मला गाण्याबद्दल कोण विचारणार होतं?

मग ही पुस्तिका आली. बाईंच्या निरोपानिमित्त मंडळातली निवडक मतं, शेऱ्यांसकट. नात वाचत बसली होती, ती फिसकन हसली.

“आजी, हे बघ, आजोबा काय म्हणतात. ‘ह्या पियानोवाल्याचे दोन हात एकमेकांशी बोलत नाहीत, तरी घर चाललंय.’”

“मग?”

“मग काय मग? हे तू बोललीस. मी इथेच टॉवेलच्या घड्या घालत होते.”

“पुढचं वाच.”

“तूच वाच. मला हसू आवरत नाहीये.”

वाचली. ओळीखाली बोट धरून नऊ दिवस वाचली. ‘ढोलवाला बडवतोय आणि बाकीचे वाळत घालतायत’, माझं. ‘ही गाणारी रडत नाहीये, रडून आली आहे’, माझं. आणि तुम्ही मंडळींनी वादकांवरचे सिनेमे आम्हा घरच्यांनाही दाखवलेत, त्यावरचं ते मत: ‘सगळ्या सिनेमांत तो दारू पितो, ती दारात उभी राहते, शेवटी टाळ्या त्याला, त्याचा कोट कुणी झटकला ते एकातही दाखवत नाहीत.’ मंडळी, हे मत घड्याळजीचं असेल असं तुम्हाला कुणाला वाटलं तरी कसं? ह्यांनी आयुष्यात कधी कोट झटकलाय?

आणि खाली बाईंचे शेरे. ‘असा कान मी दुसरा पाहिला नाही.’ ‘आज वही मिटून घेतली, ह्यापुढे काय लिहायचं?’ मला जे झालं त्याला जळफळाट म्हणतात, मी दुसरा शब्द शोधत नाही. वाक्यं माझी, शर्टाची घडी माझी, आणि कौतुक मधल्या माणसाचं. त्यात बाई बोलतात हळू. हळू बोलणाऱ्या बायकांची मला पहिल्यापासून धास्ती आहे. आमच्यासारखीचं सगळं बाहेर ऐकू जातं, लपवायला काही उरत नाही.

हे म्हणतील, नवराबायकोत माझं-तुझं काय. म्हणून एक पुरावा देते. यंत्राला वेगाचा खटका असतो. एकदा हे कुणाचं तरी भिंतीवरचं घड्याळ पोचवायला गेले होते. मी एकटीनं तबकडी लावली आणि खटका चुकीच्या बाजूला राहिला, तबकडी दीडपट वेगानं पळाली. मला तेव्हा काय कळतंय? सॅक्सोफोनवाला बिचारा धापा टाकत होता. हे आले, म्हणाले, “ऐकलीस? कशी आहे?” मी म्हटलं, “ह्या माणसाची गाडी सुटतेय.” आणि तबकडी ह्यांनी परत पिशवीत घातली. शनिवारी तुम्ही ती बरोबर वेगानं ऐकलीत. मुंगी चालावी तसं वाजवणं. त्यावर हे उठून म्हणाले, ‘ह्या माणसाची गाडी सुटतेय.’ पुस्तिकेत आहे, त्या दिवशी अर्धा तास चर्चा झाली. संथपणाच्या पोटातली घाई, असं काहीतरी डॉक्टर बोलले. बाईंनी शेऱ्याखाली दोन रेघा मारल्या. मंडळी, ह्यांनी ती तबकडी घरी एक मिनिटसुद्धा ऐकली नव्हती.

हसा. मीही हसले. ह्याबद्दल ह्यांना मी घरीच फैलावर घेतलं असतं, तुमचा हॉल लागला नसता. मी इथे उभी आहे ती पान चाळीससाठी.

ह्यांची सत्तेचाळीस मतं छापलीत. शेहेचाळीस माझी. पान चाळीसवरचं माझं नाही. सहा वर्षांपूर्वीची तारीख आहे. वाक्य असं: ‘ही मी घरी नेणार नाही.’ वर तबकडीचं नाव नाही. खाली शेरा नाही. पुस्तिकेत प्रत्येकाच्या वाक्याखाली बाईंचा शेरा आहे, ज्यांना झोप लागली त्यांच्याही खाली आहे, आणि इथे कोरी जागा.

मला मंडळाची पद्धत ठाऊक आहे. सभा संपली की बाई पुढच्या पाळीवाल्याला तबकडी थोडी वाजवून दाखवतात, ओरखडा नाही ना, ह्यासाठी. तेव्हा बाकीचे जिना उतरलेले असतात. खोलीत दोघंच.

तो शनिवार मला आठवतो. हे उशिरा आले, हात रिकामे. टेबलाशी बसले, डोळ्याला भिंग लावलं, आणि समोर घड्याळच नव्हतं. मी विचारलं, “काय ऐकलंत?” म्हणाले, “काही नाही. यंत्र बिघडलं होतं.” त्या आठवड्यात मला कुणी काही विचारलं नाही. मी चादरींना इस्त्री केली.

सांगा मंडळी, माझं काय चुकतंय? सव्वीस वर्षांत ह्यांना स्वतःचं असं एकदाच काहीतरी वाटलं. ते ह्यांनी बाईंना सांगितलं आणि मला नाही. माझी शेहेचाळीस घ्या, पुन्हा छापा, खाली ह्यांचंच नाव घाला, मी तक्रार करणार नाही. मला ते एक हवंय.

बाई, तुम्ही निघालात. तिकडे जिने कमी असोत, गुडघे साथ देवोत. ह्या लोकांना तुम्ही गप्प बसून ऐकायला शिकवलंत, ते मला घरी जमलं नाही, त्याबद्दल तुमचे आभार. अध्यक्षांचे आभार, माईक देणाऱ्यांचे आभार, पत्रिका छापणाऱ्यांचे आभार नाहीत. बोलण्यात कुठे चुणी राहिली असेल, कुणाला चटका बसला असेल, तर म्हातारीचा हात जड झालाय असं समजून सोडून द्या.

बाई, आता ती तबकडी कुठली होती, तिच्यात काय होतं, आणि तुम्ही खाली काही का लिहिलं नाहीत, एवढं सांगायचं. डॉक्टर, तुम्ही मध्ये बोलू नका. अहो, तुम्ही बसा. घसा बसलाय ना, बसूनच राहू दे. माईक बाईंकडे द्या. उत्तर बाई देतील.