किन्नौरची वाइन, नोएडाचं दुकान

माझं माहेर तासगावकडचं, म्हणजे द्राक्षाच्या मुलखातलं, पण आमची बाग नव्हती हं, ते आधीच सांगते, नाहीतर लोकांना वाटतं ही कुणा बागायतदाराची लेक. आई बेदाण्याच्या शेडवर निवडायला जायची, शाळा सुटली की मीही तिच्या शेजारी बसायचे, हिरवा वेगळा, पिवळा वेगळा, काळपट वेगळा, आणि मुकादमाची पाठ वळली की एखादा तोंडात. काय सांगू तुम्हाला, डोळे मिटून ओळखायचे मी, हा जाळीच्या वरच्या थरातला, ह्याला झळ जास्त लागलीय, हा खालचा. आई म्हणायची, बाई गं, जीभ कमी चालव आणि हात जास्त चालव.

लग्न झालं आणि दिल्लीला आले. हे ड्राफ्ट्समन, करोल बागेत एक खोली, खाली दिवसभर गाड्यांच्या पार्टांची ठोकठोक. मग ह्यांची कंपनी नोएडाला गेली, आम्हीही गेलो, तेव्हा नोएडा म्हणजे नुसते नंबर, सेक्टर अमुक, सेक्टर तमुक, संध्याकाळी भाजीवाला आला तरी बायका गॅलरीत धावायच्या. ते उदारीकरण की काय म्हणतात ते आलं आणि कपड्याच्या एक्स्पोर्टच्या फॅक्टऱ्या निघाल्या, त्यातल्या एकीत मी चेकर म्हणून लागले. तेही निवडायचंच काम, फक्त बेदाण्याऐवजी शर्ट.

आमच्या शेजारी नेगी भाभी. किन्नौरच्या, म्हणजे हिमाचलात पार वर, सतलजच्या काठानं जावं लागतं. त्यांनी एकदा गावाहून येताना एक बाटली आणली, वर द्राक्षाचं चित्र, म्हणाल्या, दीदी, हमारे उधर की है, लेके देखना. मला त्या दिवसांत खोकला होता. हे म्हणाले, अगं, द्राक्षासव दिसतंय, बघ शेजारीण किती जीव लावते. झालं! रोज दोन्ही जेवणांनंतर दोन-दोन झाकणं, समप्रमाणात कोमट पाणी घालून, हे मला देणार आणि शक्ती येते म्हणून स्वतःही घेणार. महिनाभर! शेवटी शेवटी तर इतकं आंबट लागायला लागलं, तरी हे म्हणाले, औषध आहे, आंबटच असणार. भाभींनी विचारलं, दीदी, कैसी लगी, मी म्हटलं, बहुत अच्छी, खांसी बिल्कुल गई. आणि डोस सांगितला. त्या बाई हसता हसता जिन्यावर बसल्या हो, पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, दीदी, वो तो वाइन थी!

मग त्यांनी दुसरी उघडली. काचेच्या ग्लासात, बिनपाण्याची. मी थालीपीठ केलं होतं, लोण्याबरोबर, ते पुढं ठेवलं. एक घोट घेतला आणि आहाहा! मी म्हटलं, भाभी, हे द्राक्ष उन्हातलं आहे, पण हवा गार असणार. त्या बघतच राहिल्या. म्हणाल्या, तुम्हें कैसे पता? त्यांच्याकडे म्हणे पाऊस डोंगराच्या अलीकडेच अडतो, पलीकडे नुसतं लख्ख ऊन, आभाळ निळंशार, आणि सावलीत गेलं की शाल लागते. मला ते जिभेवर कळलं होतं. त्या दिवशी मला इतका आनंद झाला, की शेडवरची ती पोर परत भेटल्यासारखं वाटलं.

पुढं दर वर्षी भाभी गावाहून आल्या की एक-दोन बाटल्या आमच्या. जर्दाळूची पांढरी अळूवडीबरोबर, लाल भरल्या वांग्याबरोबर, आलूबुखाऱ्याची गोडसर असते ती नुसतीच, काजू घेऊन. तिकडच्याच एका छोट्या कारखान्यातली, अगदी परवडणारी, परदेशी एका बाटलीच्या पैशात आमच्या चार यायच्या. हे पण आवडीनं घ्यायचे, पण पडदा ओढून! आणि बाटली लोखंडी कपाटात, माझ्या साड्यांच्या मागं. कारण हे इकडच्या महाराष्ट्र मंडळाचे कार्याध्यक्ष, वीस वर्षं, गणपतीत भाषण ह्यांचं.

मग आमची फॅक्टरी बंद पडली. पन्नाशीला आलेली बाई, घरात बसून काय करणार, मी भिंती पुसायला लागले होते. त्याच सुमारास भाभींच्या मिस्टरांनी, नेगीजींनी, नोकरी सोडून लायसन्स काढलं आणि नव्या मार्केटात वाइनचं दुकान टाकलं, एसी, काचेचं दार, एकदम झकास. पण त्यांच्या गावाकडच्या वाइनचं कपाट धूळ खात पडलेलं. गिऱ्हाईक यायचं ते इंपोर्टेड मागायचं. चाखायला द्यायची परवानगी नव्हती, मग नवी चीज लोक घेणार कशी? भाभी म्हणाल्या, दीदी, आप खड़ी हो जाओ, आप बोलो बस.

मी बोलले. साडी नेसून, चष्मा लावून. एक सरदारजी आणि त्यांची बायको पहिलं गिऱ्हाईक. मी म्हटलं, देखिए, जामुन खाने के बाद जीभ कैसी हो जाती है, थोड़ी सूखी-सूखी, ये लाल वाली बिल्कुल वैसी, छोले के साथ लेके देखो, तेल काट देगी. घेऊन गेले, आणि आठ दिवसांनी भावाला घेऊन आले! मग ऑफिसातली पोरंपोरी यायला लागली, यार, वो आंटी कहाँ हैं, म्हणत. कधी नव्हे ते माझ्या जिभेला काम मिळालं. सकाळी दुकानात जाताना मी अक्षरशः गुणगुणत जायचे.

आणि मंडळात कुणीतरी सांगितलं, कार्याध्यक्षांची बायको दारूच्या दुकानात उभी असते. कमिटी म्हणाली, गणपतीच्या आत काय ते ठरवा, एक तर वहिनींनी ते सोडावं, नाहीतर तुम्ही पद सोडा. हे घरी आले, जेवले नाहीत. मी तावातावानं म्हटलं, मी नाही सोडणार. आणि न्हाणीघरात जाऊन रडले. खरं सांगते, ते एकदा जरी म्हणाले असते ना, सोड, तर मी सोडलं असतं, इतकी वर्षं दुसरं काही करायची सवयच नव्हती. ते म्हणालेही नाहीत आणि बोललेही नाहीत, चार दिवस. त्या चार दिवसांची भीती मला अजून आठवते.

रविवारी मीटिंग होती. मी दुकानात, एका नव्या जोडप्याला जर्दाळूची समजावत होते, मागं अजून तिघंचौघं ऐकत उभे, आणि काचेचं दार उघडून हे आत. मंडळाचा झब्बा अंगात.  म्हटलं, आता सगळ्यांसमोर काय बोलतात. पण हे मागं उभे राहिले, हाताची घडी घालून, माझं सगळं ऐकलं, त्या जोडप्यानं बाटल्या घेतल्या, तेही बघितलं. मग पुढं आले आणि म्हणाले, मी पद सोडून आलोय. मी म्हटलं, अहो, काय हे, तुमची वीस वर्षं! तर म्हणाले, वीस वर्षं भाषण देतोय, लोक प्रसादाकडे बघत बसायचे, असं कान देऊन माझं एकदाही कुणी ऐकलं नाही, तू कशाला सोडतेस? नेगीजी हसायला लागले आणि मला मात्र गिऱ्हाइकासमोर रडू आवरेना.

त्या वर्षी आरतीला आम्ही गेलो, साधे सभासद म्हणून, मागं उभे. नव्या कार्याध्यक्षांच्या मिसेसनी मुद्दाम मोठ्यानं विचारलं, वहिनी, हल्ली काय करता? मी तोंड उघडायच्या आत हे म्हणाले, त्याहून मोठ्यानं, वाइन विकते, आणि फार छान विकते.  कुणीतरी घाईघाईनं झांजा वाजवायला घेतल्या.

आता गुडघे दुखतात, आठवड्यातून तीनच दिवस जाते. पद ह्यांच्याकडे परत कधी आलं नाही, त्यांनी मागितलंही नाही. पण मंडळातल्या बायका गुपचूप फोन करतात, जावई येतोय, काय घेऊ, मी सांगते, मनात काही ठेवत नाही, त्यांचंही भलं होवो. मागच्या वर्षी हे मला किन्नौरला घेऊन गेले, भाभींच्या गावी, वेलाला हात लावला मी, ऊन असं डोक्यावर! आणि घरी आता आम्ही पडदा ओढत नाही. तुम्ही बसा, लिहिणं ठेवा बाजूला, गरम थालीपीठ टाकते, दोन घोट घेऊनच जा.