राखाडी की तपकिरी

...आणि वर मला म्हणते, ‘काकू, नशीब काढलंत!’ आता बोला! नवरा टेबलावरून डोक्यावर पडला, कवटीला भोक पाडून आत साकळलेलं रक्त काढलं, आणि समोरच्या चष्म्याच्या दुकानातली ती बाई मला म्हणते, नशीब काढलंत! का? तर म्हणे, ‘मास्तर किती गोड बोलायला लागलेत हो! काल मला या म्हणाले, बसा म्हणाले, चहा घेता का म्हणाले. आमच्या ह्यांनी जन्मात कधी पाणी विचारलं नाही. कुठल्या टेबलावरून पडले हो ते?’

हसताय? हसा. मीही हसले असते, पण ज्याच्याकडे बघून हसायचं तोच शेजारच्या स्टुलावरून मला म्हणत होता, ‘बाई, तुम्ही दमला असाल. बसा ना.’

बाई! मला! स्वतःच्या बायकोला!

थांबा, नीट सांगते, नाहीतर म्हणाल म्हातारी कुठूनही सुरू करते. आमचं शिवणाचं दुकान. पुढे दुकान, मागे घर, मधे एक पडदा, तोही नावाला, कारण भांडण काही पडद्याला विचारून थांबत नाही. मास्तर बेतायचे, मी शिवायची. खडू-कात्री त्यांची, मशीन माझं. सगळी गल्ली त्यांना मास्तर म्हणते, मीही मास्तरच म्हणते, आणि ते मला म्हणायचे शहाणे. ‘अगं शहाणे, बाहीचा मुंढा एवढा खोल कुणी शिवतं का?’ ‘मी शिवते, खोल तुम्ही कापता! बाही काय आता खांद्यावरून लोंबकळणार?’ हे लग्न झाल्यापासून. मी शाळेत गेले नाही, गिऱ्हाइकांनी टाकलेल्या मासिकांवरून अक्षरं लावत लावत शिकले, पण वादात मास्तरांना मी कधी हार गेले नाही. आणि त्यांच्या तोंडून, तुम्हाला सांगते, एकदाही, चुकूनसुद्धा, ‘तुझं बरोबर आहे’ निघालं नाही. माझ्याही निघालं नाही म्हणा. पण मी बरोबरच असायची, मग म्हणायचं कशाला?

तर वाद होता अस्तराचा. एका हॉटेलातल्या दरवानाचा कोट, वरून निळा. मी म्हणते राखाडी अस्तर, मास्तर म्हणतात तपकिरी. निळ्याला तपकिरी! दरवानाने दार उघडायला हात उंच केला की आतून काय चिखल दाखवायचा? चार दिवस चाललं होतं, जेवताना, झोपताना, गिऱ्हाइकासमोर. शेवटी मास्तर तणतणत बेतायच्या टेबलावर चढले, वरच्या फळीवरचा तपकिरी तागा काढायला. मी म्हटलं उतरा, वय काय, चढताय काय! तर वरूनच, तागा काखेत, बोट माझ्यावर रोखून, ‘अगं शहाणे, तुला एवढंही...’

आणि गेले. म्हणजे पडले. पण तेव्हा मला काय कळतंय! तागा उलगडत गेला आणि मास्तर त्याच्यावर आडवे.

तुला एवढंही काय, मास्तर? कळत नाही? दिसत नाही? काय ते बोला ना! त्या वाक्याचा उरलेला तुकडा माझ्याकडे यायचा आहे अजून. उत्तर तयार ठेवून बसलेय मी.

डॉक्टर भले माणूस. खोटं का बोलू? मला बसवून समजावलं. म्हणाले, ‘आजी, डोकं आपटलं की मेंदू आतल्या आत हिंदकळतो. पुढून मार बसतो, मागून बसतो. आतले बारीक बारीक धागे ताणले जातात, काही तुटतात.’ धागे म्हटल्यावर मी खुर्चीच पुढे ओढली! धागे म्हणजे आमचा प्रांत! म्हटलं, मग जोडा की. म्हणाले, ‘तुटलेले जोडता येत नाहीत. पण शाबूत असतात ते हळूहळू नव्या वाटा काढतात, दुसऱ्यांचं काम अंगावर घेतात.’ म्हटलं, म्हणजे रफू! ‘साधारण रफूच, आजी. फक्त करणारा आत बसलाय. आपण बाहेरून ऊब द्यायची, झोप द्यायची, सराव द्यायचा.’ म्हटलं, आणि कधी होणार तयार? गिऱ्हाइकाला आम्ही तारीख देतो हो! तर माझ्याकडे बघून हसले बिचारे. ‘मेंदू आहे, आजी. वेळ लागतो.’

वेळ लागतो! आधी नुसते निपचित. मग डोळे उघडले, पण बघेनात. मग एक दिवस बघायला लागले आणि काय सांगू... आरडाओरडा! नळी उपटली, नर्सला ढकललं, चमचा असा भिरकावला की पलीकडच्या पेशंटने पांघरूण डोक्यावर घेतलं. आणि शिव्या! दुकानातसुद्धा ऐकल्या नव्हत्या असल्या. नर्स म्हणते, ‘आजी, बाहेर थांबा, घाबरू नका.’ घाबरते कसली? मला तर नाचावंसं वाटलं! म्हटलं, आले! आमचे मास्तर आले!

डॉक्टर म्हणाले, ‘नाही आजी. बरं होतानाची ही एक पायरी आहे. मेंदू जागा होतो, पण कुठे आहोत ते त्याला कळत नाही, म्हणून बिथरतो. ती पायरी उतरेल.’

आणि उतरली की हो! पण तिच्याबरोबर मास्तरही कुठेतरी उतरून गेले, आणि पलंगावर राहिला एक सभ्य गृहस्थ.

एवढा सभ्य की मी आत आले की उठून उभा राहायला बघतो. डॉक्टरांनी विचारलं, ‘मास्तर, ह्या कोण?’ म्हणाले, ‘ह्या फार चांगल्या आहेत. रोज येतात.’ ‘तुमच्या पत्नी ना?’ ‘छे हो! तिचा आवाज खाली फाटकापासून ऐकू येतो.’

आता यात माझी काय चूक? मला डॉक्टरांनीच बजावलं होतं, आवाज चढवायचा नाही, टोकायचं नाही, वाद घालायचा नाही, मेंदूला विश्रांती हवी. मी तोंडाला टाचण्या लावून बसले, म्हणून नवरा मला ओळखेना! घरी आणल्यावर एकदा न राहवून ओरडले, ‘अहो मास्तर, मीच ती!’ तर दोन्ही हातांनी डोकं गच्च धरलं आणि भिंतीशी आकसून बसले. दिवसभर डोकं ठणकत होतं त्यांचं. त्यानंतर आवाज गिळला तो गिळला.

मुलगी लांब असते, फोनवर चेहरा दाखवते. ‘आई, बाबा किती शांत झाले गं! आता तरी तुला आराम.’ आराम! अगं बाई, दुकानात नुसतं मशीन वाजतं आणि मधे थांबलं की पंखा ऐकू येतो. इतक्या वर्षांत मला माहीतच नव्हतं आमचा पंखा वाजतो! एकदा मी पडद्यामागे एकटीच दोन्ही बाजूंनी भांडून पाहिलं. नाही जमत. त्यांच्या बाजूने बोलताना मी उगाचच नमतं घेते. ते कुठे घ्यायचे?

मग त्यांचे व्यायाम. ते करून घ्यायला दवाखान्यातून एक पोरगी येते, गोल ठोकळा गोल भोकात, चौकोनी चौकोनात. मास्तर प्रत्येक ठोकळ्याला म्हणतात, ‘आभारी आहे.’ मीच तिला म्हटलं, पोरी, ह्या माणसाने जन्मभर कोट बेतले, आणि तू ठोकळे देतेस? चिडली नाही. म्हणाली, ‘आजी, मग ओळखीचं काम द्या त्यांच्या हाताला. शिकलेल्या गोष्टी विसरल्या तरी हाताची सवय बरेचदा शाबूत राहते. फक्त कात्रीपाशी तुम्ही बसा. आणि चुकलं तर टोकू नका.’ पुन्हा तेच!

दिला खडू. आणि मंडळी, मास्तरांनी रेघ मारली. सरळ! पट्टीशिवाय! मान तिरकी, जीभ दातांत, डिट्टो तेच. मी म्हटलं, झालं, आता मान वर होईल आणि म्हणतील, शहाणे, बघत काय बसलीस? मान वर झाली. ‘बाई, तुम्हालाही यातलं कळतं वाटतं?’

मग मात्र मी ठरवलं. टोकायचं नाही ना? नाही टोकत. पण त्यांना टोकायला तर लावते! त्याच दरवानाचा कोट घेतला. बिचारा अजून जुनाच घालून दार उघडतोय. आणि मुद्दाम, ऐका हं, मुद्दाम डावी बाही उजव्या मुंढ्याला जोडली! बाहीला पुढून एक खाच असते, मागून दोन, डावी की उजवी, अंधारात चाचपून कळतं. आमच्या दुकानात ही चूक म्हणजे आठवडाभराचं भांडण! कोट समोर धरला. मास्तर, कसा झालाय?

‘सुंदर!’ म्हणाले. ‘तुमच्या हातात कसब आहे, बाई.’

अख्ख्या संसारात ऐकलेली पहिली तारीफ! आणि ती ऐकून मी पडद्यामागे गेले, पदराचं टोक तोंडात कोंबलं आणि... ते जाऊ दे.

बाहेर आले तर काय! कोट मांडीवर उलटा, हातात ब्लेड, आणि मास्तर टाका टाका उसवतायत! तोंडाने पुटपुट चालू. ‘कुणी लावली ही बाही?’ मी म्हटलं, मी लावली! मी! म्हटलं, बोला आता! तर म्हणाले, ‘छे, छे. तुम्ही नाही असं करणार. कुणीतरी नवशिक्याचं काम. पण पटकन उसवू या हं. ती यायच्या आत.’

ती कोण?

‘आमची शहाणी.’

मी स्टूल ओढलं. म्हटलं, कशी आहे ही शहाणी?

‘भयंकर! तोंड म्हणजे मशीन, धागा संपला तरी चालूच. कशाला म्हणून हो म्हणणार नाही.’ उसवता उसवता हसायला लागले. ‘पण बाही लावावी तिनेच. सुरकुती शोधून दाखवा.’

मग येत का नाही ती?

हात थांबला. ‘रुसली असेल. आमचं भांडण झालंय. अस्तरावरून.’

म्हटलं, मग तिला तुम्ही काय म्हणालात? शेवटी? तुला एवढंही... काय?

कपाळाच्या व्रणावरून बोट फिरवत राहिले. फिरवत राहिले. ‘नाही आठवत हो.’ डॉक्टरांनी सांगितलंच होतं, पडण्याच्या आसपासचं बहुधा परत येत नाही. ते साठवलंच गेलेलं नसतं. मी आपली उत्तर घेऊन बसलेय!

आणि मग मास्तरांनी काय केलं? चिंध्यांच्या टोपलीतून एक राखाडी तुकडा काढला, एक तपकिरी. दोन्ही निळ्यावर ठेवले. मान तिरकी. बराच वेळ बघितलं. इकडेतिकडे बघितलं. आणि माझ्या कानाशी येऊन, अगदी हळू...

‘राखाडीच. तिचं बरोबर होतं.’

ऐकलंत? ऐकलंत ना? मी म्हटलं, मग... मग सांगा की तिला!

‘वेड लागलंय का! डोक्यावर बसेल. तुम्ही भल्या दिसता म्हणून बोललो. शब्द द्या, तिला सांगणार नाही.’

दिला. काय करते?

जिंकले, मंडळी! एवढ्या वर्षांनी जिंकले, आणि ते ऐकायला मीच नव्हते! डॉक्टरांना सांगितलं, एवढे खूश झाले, ‘मोठी सुधारणा आहे! भांडणसुद्धा आठवलं!’ म्हटलं, आणि मी कधी आठवणार? ‘मेंदू आहे, आजी...’ म्हटलं राहू द्या, पुढचं पाठ आहे मला.

म्हणून आता मी रोज एक बाही चुकीची लावते. रोज ते उसवतात, रोज शहाणीच्या कागाळ्या सांगतात, मी मान डोलावते. मधेच विचारतात, ‘आली का हो?’ मी पडदा सारून बघते, म्हणते, येईल. अशी आम्ही दोघं मिळून रोज माझी वाट बघतो. वेळ लागतो.

आणि हो, हे तुम्हाला म्हणून सांगितलं. कुठे ती शहाणी भेटलीच, तर तिला बोलू नका. मी शब्द दिलाय.