कंदील छाप

बाबूराव : अजून कडी वाजवली नाही आपण, शशिकला. इथूनच मागे फिरू. ओळख पटवायला दिलेला चाकू उद्या हातोदच्या पोलीस ठाण्यात परत करू आणि सांगू, आमचा नाही.

शशिकला : आलोच आहोत तर विचारून जाऊ, मामंजी. फक्त एक करा. आत गेल्यावर त्यांना काही सांगू नका. विहिरीचं नाही, ठाण्याचं नाही आणि ह्यांचं तर मुळीच नाही.

बाबूराव : आणि विचारलं, कुठून आणला, तर?

शशिकला : सापडला म्हणायचं. जयसिंगराव मायाळू आहेत. एका प्रेताच्या खिशातला चाकू आहे आणि ते प्रेत तुमच्या मुलाचं असेल, असं कळलं तर ते आपल्या तोंडाकडे बघून उत्तर देतील. मला चाकूकडे बघून दिलेलं उत्तर हवंय.

बाबूराव : अगं, पण कशाला? मी लोकांना सांगतोय ना, बंडू ग्वाल्हेरला आहे, कामात आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची.

शशिकला : लोकांना सांगा. पण मी दोन वर्षं कोण म्हणून राहतेय घरात? बायको की विधवा? मला आता सोसत नाही, मामंजी. काय ते एकदाचं कळू दे. वाजवा कडी.

(कडी वाजते. जयसिंगराव दार उघडतात.)

जयसिंगराव : अरे, बाबूरावजी. आज सूरज किधर से निकला भिया? सूनबाईपण आल्यात. या, बसा. बंडू कसा आहे? ग्वाल्हेरचं पाणी मानवलं का त्याला?

बाबूराव : आहे. बरा आहे.

शशिकला : काका, एक चाकू दाखवायचा होता. तुम्ही कंदील छाप गोळा करता म्हणून.

जयसिंगराव : काय करणार? होळकरांची फौज गेली, आमचं शस्त्रागार गेलं, हाताला काम नाही. बेचाळीस साली लढाईत पोलाद मिळेना म्हणून हे चाकू करणारा रेडेकरांचा कारखाना बसला, पुढे लोक हे चाकू भंगारात टाकत होते. मी उचलत गेलो. बायको म्हणते, वेड लागलंय. लागलंय खरं. बघू, कुठाय? हातात नका देऊ, चाकू हातात दिला की भांडण होतं. तिथे मेजावर ठेवा. आणि कोणाचा आहे ते इतक्यात सांगू नका बरं का. आपला कायदा आहे. पहले चाकू, बाद में मालक. कहाणी आधी ऐकली की डोळ्याला तेच दिसायला लागतं.

शशिकला : म्हणूनच तुमच्याकडे आले.

जयसिंगराव : हं. काय हाल केलेत हो याचे. एका बाजूची शिंगाची मूठ पार गेलीय. जरा ते भिंग सरकवा इकडे.

बाबूराव : फार गंजलाय. काही कळायचं नाही त्यातनं. असे चाकू इंदुरात घरोघर होते.

जयसिंगराव : घरोघर होते, पण सगळे एक नव्हते. हे बघा, पात्याच्या बुडाशी कंदील आहे ना? त्यात ज्योत कुठाय? वा, क्या बात है. अहो, शेवटी शेवटी ठसा झिजला आणि ज्योत उमटेनाशी झाली. नवा ठसा करायची ऐपत नव्हती, तसाच माल विकला त्यांनी. तोही थोडाच. असला माझ्याकडे एकही नाही. सूनबाई, हा मला द्या. याच्या बदल्यात यातला हवा तो उचला.

शशिकला : म्हणजे बेचाळीस सालचा?

जयसिंगराव : बेचाळीसचा. एकदम पक्का.

शशिकला : आणखी सांगा. वापरणारा माणूस कसा होता?

जयसिंगराव : डावखुरा. धार लावताना उजव्या हाताच्या माणसाचं पातं ज्या बाजूला झिजतं, त्याच्या बरोबर उलट झिजलंय.

बाबूराव : डावखुऱ्यांना काय तोटा आहे? राजवाड्यापाशी उभं राहा, हवे तेवढे भेटतील.

जयसिंगराव : भेटतील की. तुम्ही का चिडताय? आता इकडे बघा. फळं कापणाऱ्याचं पातं मधे झिजतं, हे टोकाकडे झिजलंय. पेन्सिली तासायचा हा. मास्तर असेल, नाहीतर नक्शे काढणारा.

शशिकला : पुढे?

जयसिंगराव : पुढे म्हणजे, पाण्यात होता बरेच महिने. नदीत नाही, वाहत्या पाण्यात इतका गाळ बसत नाही. विहीर, नाहीतर बावडी. सांध्यात काळी माती आहे बघा, घट्ट. आणि गंज एकाच अंगाला जास्त. एका कुशीवर पडून राहिला बिचारा, कोणी हलवलंसुद्धा नाही.

शशिकला : काका, पाण्यात गेला तेव्हा उघडा होता की मिटलेला?

जयसिंगराव : मिटलेला. आतली धार बघा ना, शाबूत आहे. खिशात असणार. पाणी काढायला वाकला असेल कोणी, पडला असेल.

शशिकला : म्हणजे कोणाशी झटापट झाली नव्हती. त्याने चाकू काढलाच नव्हता.

जयसिंगराव : काय विचारता हो सूनबाई, पोलिसासारखं?

बाबूराव : बस झालं. ऊठ शशिकला, उशीर होतोय.

जयसिंगराव : थांबा हो, असली मजा तर पुढेच आहे. हे छोटं पातं दिसतंय ना? ते याचं नव्हेच. दुसऱ्या चाकूचं काढून यात घातलंय आणि खिळा घरीच ठोकलाय. कारखान्याचे खिळे पितळेचे. हा तांब्याचा आहे, विजेच्या तारेचा तुकडा. डोकं कसं तिरपं बसलंय बघा, दगडावर ठेवून हाणलंय. बाजारातला कारागीर असं काम करायचा नाही. हौशी पोरगं असणार कोणीतरी. काय झालं, बाबूरावजी? पाणी आणू?

बाबूराव : पाट्यावर ठोकला होता. वाटण वाटायच्या पाट्यावर. त्याचा टवका उडाला म्हणून त्याच्या आईने घर डोक्यावर घेतलं होतं.

जयसिंगराव : कोणाच्या आईने?

शशिकला : ह्यांच्या. काका, गेल्या महिन्यात हातोदजवळ एक पडीक विहीर उपसली. खाली एक माणूस सापडला. ओळखू येण्यासारखं काही उरलं नव्हतं, लावारिस म्हणून दहन केलं. कोटाच्या खिशात फक्त हा चाकू होता. हे ग्वाल्हेरला कधी रुजू झालेच नाहीत. नक्शानवीस होते, डावखुरे होते आणि बेचाळीस साली मॅट्रिक झाले म्हणून मामाने कंदील छाप चाकू दिला होता.

जयसिंगराव : अरे देवा. आणि मी तो मागत बसलो. सूनबाई, माझं ऐका. मी म्हातारा माणूस, हे भिंगही जुनं झालंय. चार लोक बसले की मला बढाया मारायची खोड आहे. तांब्याचा खिळा काय, कोणीही ठोकेल.

शशिकला : आता नको, काका. मघाशी बोललात ते खरं बोललात.

बाबूराव : तू आधीच ओळखला होतास.

शशिकला : खिळा तसाच वाटला होता. पण गंजाखाली तांबं आहे की मलाच तसं दिसतंय, ते कळेना. घासून बघायचा धीर झाला नाही मला. म्हणून दुसऱ्याच्या तोंडून ऐकायला आले.

बाबूराव : मी स्वतः त्याला गाडीत बसवून दिलं होतं. ग्वाल्हेरच्या गाडीत. गाडी हलली तेव्हा त्याने हात केला, मीही केला. मग हातोदला कसा गेला तो? मधेच उतरला का? हातोदला आपलं आहे कोण?

जयसिंगराव : बाबूरावजी, बसा. बसून घ्या आधी.

बाबूराव : कारकुनी करून त्याला शिकवला हो मी. त्याला अग्नी कोणी दिला तेही मला माहीत नाही.

शशिकला : उद्या ठाण्यात विचारू. काका, तुम्ही याल? आत्ता सांगितलंत तेच तिथे सांगायचं आहे. म्हणजे ह्यांचं नाव लागेल आणि दिवस तरी करता येतील.

जयसिंगराव : येतो. सकाळी तुमच्याआधी मोटारस्टँडवर उभा असेन.

बाबूराव : आणि घरी त्याच्या आईला काय सांगू मी? सोमवार आहे आज. सकाळपासून उपाशी आहे ती. त्याच्यासाठीच धरलेत सोमवार. आपण पोहोचलो की पान मांडेल.

शशिकला : मांडू द्या. गेल्या गेल्या काही बोलू नका. आधी त्यांना उपास सोडू द्या, पोटभर जेवू द्या. एकदा सांगितलं की किती दिवस त्यांच्या तोंडात घास जाणार नाही.

बाबूराव : पण आपल्याला तर कळलंय ना आता. सुतक आहे आपल्याला. सोमवारच्या पानाला शिवणार तू?

शशिकला : ते पाप माझ्या माथी. वाढायचं मी बघेन, मामंजी. तुम्ही फक्त जेवताना माझ्याकडे बघू नका.