वापस मांगतलेलं वाण

तुम्ही लिवून घ्या ताई, पण माही बोली सुधरवू नका, नाही तर माही पोट्टी वाचून म्हणीन का ही माही माय नाहीच. माहं नाव विमल. माहेर खाप्याचं, कन्हानच्या काठी घर, बाप हातमागावर लुगडे विणे अन् माय कांड्या भरे, आम्ही पाच बहिणी अन् मी चौथी, म्हणजे कोणाच्या ध्यानात न राहणारी. लग्न होऊन नागपुरात आली. मालक शाळेत चपराशी होते, पगारात भागे पण उरे नाही, म्हणून म्या जरीपटक्याच्या बाजारात एका जिन्याखाली मशीन टाकली. फॉल, पिको, ब्लाऊज. अडतीस वर्षं झाले, जिना तोच आहे, मशीन तिसरी आहे.

आता तुम्ही म्हणान का या बाईले निवडणुकीतलं काय समजते. अवं बाई, मले नाही समजत तर कोणाले समजते? दर निवडणुकीले सगळे पक्ष माह्या जिन्याखाली येऊन बसत. दुपट्टे शिवा बाई, झेंड्यायले काठ मारा बाई. सकाळी एका रंगाचे शिवू, दुपारी दुसऱ्या रंगाचे, अन् मालक म्हणत, विमल, तुह्या मशीनवर सगळ्यायचं सरकार येते. अन् वाणाच्या पिशव्या! निवडणूक आली का उमेदवाराची बायको हळदीकुंकू ठेवे, मांडव टाकून, अन् एकेका बाईले पिशवी, पिशवीवर उमेदवाराचं नाव, आत वाटी नाही तर डबा. त्या पिशव्या म्या शेकड्यानं शिवल्या अन् घेतल्याबी. माह्या घरी पोहे ज्या डब्यात आहेत ना, तो एका हारलेल्या माणसाचा आहे. आमाले त्यात काही वावगं वाटलंच नाही कधी, निवडणूक म्हणजे असंच राहते असं डोक्यात बसलेलं.

तर माही लेक प्रणाली. एकच आहे, पण दहायच्या बराबर आहे. लहानपणापासून तोंडाची फटकळ, रेशनच्या दुकानात माप कमी भरलं तर एवढीशी पोट्टी फ्रॉक सावरत उभी राहून म्हणे, काका, काटा पुन्हा लावा. शिकली, लॅबोरेटरीतलं रक्त तपासायचं शिकली, लग्न झालं, अन् चौदा वर्षं झाले इंग्लंडात आहे. लंडन नाही बरं का, लंडनपासून गाडीनं दीड तास, गावाचं नाव मले अजून धड घेता येत नाही. त्याले बरो म्हणतेत, जावई म्हणे आपल्या महानगरपालिकेसारखंच समजा आई. त्या पालिकेच्या निवडणुकीत प्रणाली उभी राहिली. अपक्ष. काहून, तर म्हणे त्यायच्या वस्तीतून दवाखान्यात जाणारी बस बंद केली, म्हातारे लोक काठी टेकत टेकत मोठ्या रस्त्यापर्यंत जातेत, अन् कोणी बोलून नाही राहिलं. म्या फोनवर म्हटलं, बाई, एका बससाठी निवडणूक? ती म्हणे, आई, तू ये.

मी गेली. मदतीले गेली ना! अन् मदत म्हणजे मले जी येते ती. जायच्या आधी महिनाभर ब्लाऊजाच्या उरलेल्या कपड्यायच्या चाळीस पिशव्या शिवल्या, दुकानाच्या पाट्या रंगवणाऱ्या भाऊले बोलावून खडूनं इंग्रजीत प्रणालीचं नाव लिवून घेतलं अन् त्या अक्षरावरून मशीन फिरवली. आत एक स्टीलची वाटी अन् भिवापुरी तिखटाची पुडी. लेकीले सांगतलं नाही, म्हटलं खूश होईन.

तिकडे चैत्र महिना, अन् थंडी अशी का विचारू नका. प्रणाली अन् जावई दोघंही सुट्टीच्या दिवशी पत्रकं घेऊन दारोदार फिरत. बाजूले एक गुजराती बाई राहे, कोकिळाबेन, हिंदी बोले, तिच्यासंगं मी रोज बागेत जाऊन बसे, तिच्या ओळखीनं माही गल्ली तयार झाली. कोणी पंजाबी, कोणी पाकिस्तानी, एक पोलंडची, अन् समोरच्या घरची डोरीन, गोरी म्हातारी, ब्याऐंशी वर्षांची, मले पाहून रोज हात हलवे. एका शनिवारी हे दोघं बाहेर गेले अन् म्या कोकिळाबेनले म्हटलं, बोलाव सगळ्यायले, चैत्रातलं हळदीकुंकू आहे. अन् तिले हेबी सांगून ठेवलं का इंग्रजीत नीट सांग, माह्या लेकीले मत द्या म्हणा.

आता एक सांगतो ताई, हसू नका. मालक जाऊन नऊ वर्षं झाले. नऊ वर्षांत नागपुरात मले कोणी हळदीकुंकवाले बोलावलं नाही. मी लोकायच्या वाणाच्या पिशव्या शिवतो अन् घरी बसतो, आपली रीतच तशी, कोणाले दोष देऊ? तिकडे कोणाले काही माहीत नाही. सत्तावीस बाया आल्या. ज्यायनं कपाळ पुढं केलं त्यायच्या कपाळावर, ज्यायनं हात पुढं केला त्यायच्या हातावर म्या माह्या हातानं कुंकू लावलं. कैरीची डाळ नाही भेटली तर भिजवलेले हरभरे, चिवडा, पन्हं. अन् एकेकीले पिशवी. नऊ वर्षांनी माहा हात कुंकवात बुडला, अन् खोटं काहून बोलू, मले लेकीच्या निवडणुकीपेक्षा त्याचाच आनंद जास्त झाला.

अन् संध्याकाळी प्रणाली आली. रस्त्यातच तिले कोकिळाबेन भेटली, हातात पिशवी, पिशवीवर तिचं नाव. घरात आली तं तोंड पांढरंफटक. म्हणे, आई, हे काय केलं वं तू? म्या हसत हसत सांगतलं का सत्तावीस मतं पक्के करून ठेवले. ती खाली बसली. म्हणे, आई, इथं घरी कोणाले चहा पाजला तर चालते, पण वस्तू देऊन मत मांगणं म्हणजे लाच. गुन्हा आहे. माही उमेदवारी जाईन, वरतून नाव खराब होईन ते वेगळं. म्या म्हटलं, अवं पण वाण आहे ते, वाणाले कोणी लाच म्हणते का? तर ती हळूच म्हणे, आई, नागपुरात काहून वाटतेत मंग ते पिशव्या?

अडतीस वर्षं शिवल्या, पण हा विचार मनाले कधी शिवला नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतेत ना, तसं झालं.

तिनं लपवलं नाही. सोमवारी निवडणुकीच्या ऑफिसात फोन करून सगळं खरं खरं सांगतलं, पण त्याच्या आधी रविवारी मले म्हणे, आई, सगळ्या पिशव्या वापस आणायच्या. मी उठूनच उभी राहिली. म्हटलं, दुसरं काही सांग, देल्लं वाण वापस मांगत नाहीत, तुह्याच संसाराले अपशकून होईन, वरतून मी अशी बाई. ती म्हणे, तू नको येऊ, मी एकटी जातो. आता लेक एकटी माह्या चुकीसाठी दारोदार जाईन अन् मी सोफ्यावर बसून राहीन का? पायात मोजे घातले अन् निघाली.

सत्तावीस दारं ताई. दर दारात प्रणाली इंग्रजीत सांगे, का माह्या आईनं प्रेमानं देलं पण मत मांगून देलं, ते चूक आहे, मत तुमचं आहे, आमाले माफ करा. अन् मी बाजूले हात जोडून उभी. पहिल्या दारात माही मान वर झाली नाही. पंजाबीण बाईच्या डोळ्यात पाणी आलं, तिनं पिशवी देली अन् मले कवटाळलं. पोलंडच्या बाईले काही समजलंच नाही, तिले वाटलं का वाटी खराब निघाली म्हणून बदलून देऊन राहिले, ती म्हणे नाही नाही, चांगली आहे. एकीनं दार अर्धंच उघडलं, पिशवी हातात कोंबली अन् लावून घेतलं, तेबी झालं. अन् डोरीन! डोळे लाल, नाक लाल, बुढीनं ते तिखट सूपात टाकून खाल्लं होतं. प्रणालीचं सगळं आयकलं अन् म्हणे, पोरी, मी साठ वर्षांपासून एकाच पक्षाले मत देतो अन् यंदाबी त्यालेच देणार आहे, तुले देणारच नाही, तं ही लाच कशी झाली? पिशवी माही आहे. अन् छातीशी धरून उभी राहिली. रस्त्यावर येऊन आम्ही मायलेकी अशा हसलो, अशा हसलो का मले खालीच बसा लागलं. पण नियम म्हणजे नियम, प्रणालीनं पुन्हा जाऊन समजावलं अन् ती पिशवीबी आणली. तिखट तेवढं गेलं.

ऑफिसवाल्यायनं लिवून घेतलं अन् उमेदवारी राहिली. माहं तिकीट आधीच काढलेलं, मतदानाच्या चार दिवस आधी मी नागपुरात वापस आली.

निकाल शुक्रवारी. तिकडे दुपार, आपल्याकडे साडेचार-पाच वाजले असतीन, ऊन असं का रस्त्यावर कुत्रं नाही. जिन्याखाली कूलर लावला, गल्लीतल्या बाया जमा झाल्या, म्या संत्रा बर्फी सकाळीच आणून ठेवली होती, दोन किलो. जावयानं तिकडून मोबाईलवर व्हिडिओ लावून देला. मोठा हॉल, टेबलं, लोक हातानं कागद मोजून राहिले. अन् सांगतो तुमाले, तिकडे मत पेन्सिलीनं देतेत, पेन्सिलीनं फुली! खोडून टाकलं कोणी तर? पण कोणी खोडत नाही म्हणे. ना गुलाल, ना ढोल. सगळे उमेदवार एकाच स्टेजवर एकामेकाच्या बाजूले उभे, अन् एका माणसानं नावं वाचली. मले आकडे समजले नाहीत. प्रणाली हसून बाजूच्या माणसाले हात मिळवून राहिली होती, म्हणून म्या म्हटलं, जिंकली वं! अन् बर्फीचा डबा फोडला. तेवढ्यात जावयाचा आवाज आला. आई, एकवीस मतानं गेली.

बाया हातात बर्फी घेऊन तशाच बसल्या. एक जण म्हणे, खाऊन टाका आता, गरमीत टिकत नाही. खाल्ली. मी नाही खाल्ली. मी मनात एकच हिशेब करून राहिली होती, का एकवीस मतं कमी पडले अन् पिशव्या होत्या सत्तावीस. घरी जाऊन देवापुढं बसली अन् त्यालेच विचारलं, का माही चूक कोणती गा देवा, देल्लं ती, का वापस घेतलं ती?

आठ दिवस प्रणालीचा धड फोन नाही. ठीक आहे, कामात आहे, जेवली, बस. मले वाटे पोट्टी माह्यावर रागावली. मंग रविवारी दुपारी आला. आधी डोरीनचं सांगतलं, का बुढी घरी आली होती अन् म्हणे, बोलल्याप्रमाणं मत दुसऱ्यालेच देलं, सॉरी, पण जो जिंकला त्याले मी रोज फोन करून बसचं विचारतो. आम्ही हसलो. मंग ती म्हणे, आई, तुले एक खरं सांगू? स्टेजवर आकडा आयकला तवा पहिले माह्या मनात काय आलं? का त्या सत्तावीस पिशव्या राहू द्यायले पाहिजे होत्या. अन् रडायले लागली. म्हणे, माह्याच मनात असं येते तर मंग मी काहून उभी राहिली होती?

आता काय सांगू तुमाले. आठ दिवस मी हेच मनात घोकून राहिली होती, पण तिच्या तोंडून आयकलं अन् मले असा राग आला का बस. म्या म्हटलं, प्रणाली, खबरदार. खाप्याची बाई मी, सत्तावीस दारात हात जोडून देल्लं वाण वापस मांगतलं, आमच्या सात पिढ्यायत कोणी मांगतलं नसन. ती लाज म्या काहून सोसली? तुह्या नावाले डाग नको म्हणून सोसली. तुले एका मिनिटासाठी वाटलं, मले आठ दिवस वाटून राहिलं, त्यानं काय होते? मनात येते सगळ्यायच्या. तू दारात गेली का नाही? गेली ना? मंग माही लेक जिंकली, बाकीचे काय मोजायचे ते मोजू देत. ती नाक ओढत म्हणे, आई, पण वाटल्या तर तूच होत्या. म्हटलं, हो वं माय, म्याच वाटल्या, आता किती वेळा सांगशीन?

आता बरी आहे ती. पालिकेच्या सभेत लोकायच्या खुर्च्या राहतेत, तिथं जाऊन बसते अन् बसचा प्रश्न विचारते, निवडून आलेलेबी तिले घाबरतेत म्हणे. पुढच्या खेपेले पुन्हा उभी राहीन. राहू दे, देव तिले औक्ष देवो अन् आवाज असाच राहू देवो. म्या सांगून ठेवलं, तू उभी राय, मी येतो, स्वयंपाक करीन, पोळ्या लाटीन, पत्रकायच्या घड्या घालून देईन. लेकीच्या घरी माय कधी खाली हातानं जात नाही ताई, गल्लीत कोणाले समजलं तर नावं ठेवतीन. ठेवू देत. पुढच्या खेपेले मी खाली हातानंच जाईन.