आप्पांचा नियम आन् फियाटचा रोटर

न्हाई न्हाई, तुमीच सांगा मला, ठिणगी म्हंजे अशी केवढी असती? तिळाएवढी! त्या तिळाएवढ्या ठिणगीपायी मी दीड महिना सांगली, मिरज, सातारा पालथं घातलं, हळदीचे सौदे अर्ध्यात टाकून पळालो, दहाच्या दहा नखं काळी करून घेतली... आन् तिकडं आप्पा उपाशी!

आप्पा म्हंजे आमचे वडील, बाळगोंडा. वय त्र्याऐंशी, वजन बेचाळीस, त्यात हट्टाचं वजन धरलेलं न्हाई. आन् गाडी म्हंजे आप्पांची फियाट, अठ्ठ्याहत्तर सालची, आप्पांनी नवी घेतलेली, आमच्या आईला शेजारी बसवून गावोगावच्या बस्त्या, म्हंजे आमची जैनांची देवळं, फिरवलेली. चार वरसं झाली, शेडात उभी हाय. का उभी? तर चार वर्सांमागं आप्पांनी ती रस्त्यावरनं थेट पाटलांच्या उसात घातली! डाव्या डोळ्यात काचबिंदू, उजव्यात निम्मा उजेड, कशाला जायचं? मी पळत गेलो तर काच खाली करून मलाच इचारत्यात, "पायगोंडा, रस्ता लय गच्च झालाय न्हवं रं?" रस्ता! आवं, बांधावर शालूबाई भांगलत व्हती, हातभर अंतरानं वाचली बाई. अजूनबी आमच्या दारावरनं जाताना आधी गाडी कुठं हाय ते बघती, मग मला "बरं हाय का" म्हणती. त्या दिवशी मी किल्ली काढून घेतली ती घेतलीच.

बरं, किल्ली गेलेल्या माणसानं गप बसावं का न्हाई? यंदा आमच्या मुनी म्हाराजांचा चातुर्मास नदीपल्याडच्या गावात. सगळी म्हातारी मंडळी ट्रॅक्टरनं प्रवचनाला. शेवटाला जो तो उठून नियम घेतोय. नानासोनं वांगं सोडलं. त्याला वांगं सोसतंय कुठं, खाल्लं की अंगभर गांधी उठत्यात! सुलाबाईनं चहा सोडला आन् चौथ्या दिवशी काढा म्हणून परत धरला. मग आमचे आप्पा उठले. मी अडतीवर, आमच्या मंडळींचा, चंदनाचा फोन, "आवं, ऐकलं का, आप्पांनी नियम घेतला! गाडी सुरू हुईस्तवर एकभुक्त!" म्हंजे दिवसातनं एकदाच ताटावर बसायचं, उठलं की मग थेट दुसऱ्या दिवशी दुपारी. डॉक्टरची गोळी दोन येळा, जेवल्यावर घ्यायची. जेवणच एक येळ, तर दुसरी गोळी काय सुपारीवानी चघळायची?

मी गेलो म्हाराजांच्याकडं. पाया पडलो, म्हणलं सोडवा. ते हसले. म्हणले, "ज्यानं घेतलाय त्यानं येऊन सांगावं." घरी येऊन आप्पांना सांगितलं, तर आप्पा म्हणत्यात, "नियम म्हंजे काय किराणा हाय व्हय, आवडला न्हाई म्हणून परत करायला?" झालं! आता ह्यावर काय बोलता, बोला!

मग जोतीराम मेस्त्री. सांगलीत ही गाडी उघडणारा ह्यो एकच माणूस उरलाय. आत्ताची पोरं बॉनेट उघडून कॉम्प्युटर लावायला भोक हुडकत्यात! जोतीराम सावकाश माणूस. तंबाखू मळणार, बॉनेटात तोंड घालणार, थांबणार... आणि मग, "मालक... ठिणगीचा पॉइंट खाल्लाय." म्हणलं, घाल नवीन. "गॅप लावायला पोस्टकार्ड लागंल. दुमडून मधी घातलं की बरोबर बसतंय." आता ह्या दिवसांत पोस्टकार्ड कुठनं आणू मी? आप्पांच्या ट्रंकेत घावलं. आमच्या आईनं माहेरनं लिवलेलं, "गाडी सावकाश हाणावी" म्हणून. त्याचा कोपरा कापला, सांगताना अजून कसंतरी हुतंय. त्या कोपऱ्यावर पॉइंट बसवला, मारला स्टार्टर... खर्रर्र, खर्रर्र, खर्रर्र. ठिणगी न्हाई! आन् तिकडं आप्पा उपाशी!

"मालक... कंडेन्सर." आणला. खर्रर्र! "मालक... प्लगच्या वायरी." आणल्या. खर्रर्र! "मालक... कॉइल." दुकानदार म्हणला ओरिजनल, तीन दिवसांत तापून वितळली त्याची ओरिजनल! रोज सांजेला आप्पा सोप्यात बसायचे, कान शेडाकडं. सूर्य टेकला की उठायचे, दिवस बुडाल्यावर आप्पा खात न्हाईत. सदऱ्याच्या गळ्यातनं हाडं मोजून घ्यावीत असं अंग झालेलं. मला रात्रीचा घास उतरंना. बापाम्होरं ताट वाढून घ्यायचं कसं हो?

तवा चंदनाच्या डोक्यातनं आयडिया निघाली. मोबाईलवर कुणाच्यातरी फियाटचा आवाज घ्यायचा आन् शेडात मोठ्यानं लावायचा. लावला! पाप लागंल ते लागंल म्हणलं. आप्पा काठी टेकत दारापर्यंत आले, मान वाकडी करून ऐकलं, म्हणले, "कुणाची गाडी आणलीस रं? आपल्या इंजिनाचा दोन नंबरचा सिलिंडर जरा अडखळतोय." आन् परत जाऊन बसले. बोला! डोळ्यांना दिसंना, पर कान बघा... जाऊ द्या.

शेवटाला एक दिवस जोतीरामानं डिस्ट्रीब्यूटरचं टोपण काढलं, आतला रोटर काढला. रोटर म्हंजे काय, अंगठ्याएवढा काळा तुकडा, त्यो फिरतोय आन् चारी प्लगांना ठिणगी वाटतोय. उन्हात धरला, डोळ्याजवळ नेला. "मालक... चीर." केसाएवढी! ठिणगी त्या चिरंतनं खाली पळत व्हती आन् आमी वर बाजार मांडलेला! मी साताऱ्याला गेलो, एका भंगारवाल्याच्या खोक्यात हात घालून तसला रोटर हुडकला, जुनाच पर कोरा. आणला, बसवला. सूर्य अजून कासराभर वर. मारला स्टार्टर... आन् धरली की गाडीनं! धूर, खडखडाट, दोन नंबर अडखळतोय! मी रडलो. लाज कशाची? पळत सोप्यात गेलो, चंदनानं ताट आणलं, गरम भाकरी, मुगाची आमटी, भाकरीवर तुपाची धार. म्हणलं, "आप्पा, बसा! झाली सुरू!"

आप्पांनी ताटाकडं बघितलं. म्हणले, "झाकून ठेव. नियम पुरता ऐकलास व्हय? गाडी सुरू करून, मी सोत्ता चालवत म्हाराजांच्या दर्शनाला जाणार. मग दोन येळा जेवणार. उद्या सकाळी निघू. किल्ली दे."

सोत्ता!

डोळ्याम्होरं काय आलं सांगू? नदीवरचा पूल. पुलापल्याड शाळा, सकाळची भरती ती. उसाच्या ट्रॉल्या. शालूबाई. मी वाद घातला, भांडलो, डॉक्टरला फोन लावून दिला. आप्पा एकच म्हणत्यात, "नियम हाय." माणसाला उपाशी मारायचं का गाडीखाली घालायचं, दोनातलं एक निवड म्हणलं तर तुमी काय निवडाल?

आप्पा बस्तीत गेले तवा मी शेडात गेलो. टोपणाच्या दोन क्लिपा काढायच्या, नवा काढायचा, चिरलेला घालायचा, क्लिपा लावायच्या. दीड महिन्याचं काम अर्ध्या मिन्टात उलटं! नवा रोटर खिशात. ह्यो बघा. रोज घेऊन हिंडतो, घरात ठेवायचं धाडस न्हाई.

सकाळी आप्पा दाढी करून, पांढरी टोपी घालून गाडीत बसले. मी दिलेली किल्ली फिरवली. खर्रर्र. परत. खर्रर्र. मग उतरले. आन् मला वाटलंबी नव्हतं, त्यांनी सोत्ता बॉनेट उघडलं! दिसतंय कुठं त्यांना, सगळं हातानंच. टोपण काढलं. रोटरवर अंगठा फिरवला, सावकाश. अंगठा थांबला. बरोबर चिरंवर थांबला! आता फुटलं म्हणलं बिंग.

आप्पांनी टोपण परत बसवलं. एक क्लिप. दुसरी क्लिप. हात पुसले आन् माझ्याकडं न बघता म्हणले, "न्हाई रं. ठिणगीच न्हाई." जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवला, किती हलका हात ओ त्यो... "असू दे. तसाबी रस्ता लय गच्च झालाय आता."

तवापास्नं रोज सकाळी टोपी घालून बसत्यात, तीनदा किल्ली फिरवत्यात, उतरत्यात. जोतीराम बिचारा कपाळ बडवून घेतोय, "मालक, माझं चुकलं कुठं?" चातुर्मास संपला, म्हाराज चालत कर्नाटकाकडं निघाले, दर्शन रोज पाच कोस लांब जातंय. आप्पांना समदं ठाव हाय, मला ठाव हाय की त्यांना ठाव हाय, आन् दोघंबी तोंड शिवून बसलोय. आप्पा उपाशी, मी खोटारडा... आन् आमच्या घरात ठणठणीत कोण म्हणाल, तर एकटी गाडी!